वॉश्ड, नॅचरल, हनी: एकाच मळ्याच्या तीन कॉफ्या शेजारी ठेवून फरक ओळखायचा कसा

नागपुरात धरमपेठेपासून सदरपर्यंत आता चांगली कॉफी मिळते. ऑनलाइन मागवली तर चार-पाच दिवसांत पाकीट दारात. अडचण सुरू होते ती पाकीट हातात आल्यावर. एकावर लिहिलेलं असतं वॉश्ड, दुसऱ्यावर नॅचरल, तिसऱ्यावर रेड हनी, चौथ्यावर '७२ तास अ‍ॅनेरोबिक'. खाली चवींची यादी: ब्लूबेरी, जास्मिन, डार्क चॉकलेट. ताजी ब्लूबेरी आपल्यापैकी किती जणांनी खाल्ली आहे? मग माणूस किंमत बघतो, त्यातल्या त्यात महाग पाकीट उचलतो, घरी दुधात उकळतो आणि म्हणतो, "काही खास नाही बाप्पा."

त्या माणसासाठी हे लिहितोय. कॉफीतली चव जात, माती, उंची, प्रक्रिया, भाजणी, पाणी अशा अनेक गोष्टींतून येते. त्या सगळ्या एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं, हे कधीच कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: बाकी सगळं सारखं ठेवा आणि फक्त प्रक्रिया बदला. एकाच मळ्याची, शक्यतो एकाच जातीची, एकाच रोस्टरनं (कॉफी भाजून विकणाऱ्यानं) भाजलेली तीन पाकिटं घ्या. एका सकाळीत जे समजेल ते वर्षभर वेगवेगळी पाकिटं पिऊनही समजत नाही.

१. आधी फळ समजून घ्या

कॉफी म्हणजे फळातली बी. फळ पिकलं की बोराएवढं, बहुतेक जातींत लाल. वर साल, आत थोडासा गोडसर गर, मग बियांना चिकटलेला बुळबुळीत थर, त्याखाली कडक टरफल (याला पार्चमेंट म्हणतात), मग पातळ चंदेरी पापुद्रा आणि शेवटी समोरासमोर बसलेल्या दोन चपट्या बिया. कधीकधी एकच गोल बी भरते, ती पीबेरी.

तोडणीनंतर बी वाळवून तिच्यातला ओलावा दहा ते बारा टक्क्यांवर आणायचा, एवढंच प्रत्येक मळेवाल्याला साधायचं असतं. वाळताना बीवर कोणते थर राहू दिले आणि मधल्या काळात तिथल्या यीस्ट आणि जिवाणूंना किती मोकळीक दिली, यावरून प्रक्रिया ठरते. खालची सगळी नावं याच दोन गोष्टींची वेगवेगळी उत्तरं आहेत.

२. प्रक्रिया: कुठे काय होतं

*वॉश्ड.* तोडणीच्या दिवशीच फळं यंत्रात घालून साल आणि गर काढतात. बुळबुळीत थर मात्र इतका चिवट असतो की नुसत्या पाण्यानं निघत नाही. म्हणून बिया टाकीत ठेवतात, साधारण बारा ते छत्तीस तास, थंडी जास्त असली तर त्याहून अधिक. या काळात त्या थराला चिकट ठेवणारं पेक्टिन सुटतं. झालं की नाही हे बघायची जुनी पद्धत आजही चालते: मूठभर बिया हातात चोळायच्या. घसरल्या तर वेळ आहे, खरखरीत लागल्या तर धुवायला घ्यायच्या. मग भरपूर पाण्यानं धुऊन टरफलासकट वाळवतात. फळाचा बीशी संबंध लवकर तुटल्यामुळे पेल्यात येतं ते बीचं स्वतःचं: जात, उंची, माती. चव स्वच्छ, आंबटपणा ठळक, कडा रेखीव.

*नॅचरल.* यात काहीच सोलायचं नाही. फळ आहे तसं उन्हात पसरायचं आणि दोन ते चार आठवडे वाळू द्यायचं. ऐकायला सोपं आहे, करायला या यादीतलं सगळ्यात जोखमीचं. थर जाड झाला की आतली फळं कुजतात, बुरशी धरते. दिवसातून अनेकदा हलवावं लागतं, रात्री दव पडायच्या आत झाकावं लागतं. आणि कच्ची-पिकलेली फळं एकत्र तोडली असतील तर कितीही निगुतीनं वाळवा, तुरटपणा जात नाही. आपल्याकडे पूर्वी चांगली फळं वॉश्डसाठी जायची आणि उरलीसुरली अशी वाळवली जायची. त्यामुळे जुन्या व्यापारात नॅचरलला भाव कमी असायचा. आता निवडून तोडलेल्या पिकल्या फळांचं नॅचरल करतात, ते वेगळंच प्रकरण आहे.

त्याची चव पिकलेल्या फळाची, अंगाने भरलेली, कधी मद्यासारख्या वासाची. विदर्भातल्या माणसाला ओळखायला सोपं: वाळलेल्या मोहफुलांच्या टोपलीवरचं झाकण काढल्यावर जो वास येतो, तो चांगल्या नॅचरलमध्ये हमखास डोकावतो.

इथे एक गैरसमज. दुकानात सांगतात की फळाची साखर बीमध्ये मुरते म्हणून नॅचरल गोड लागते. एवढं सरळ नाही. साल निघून ओली झालेली बी रुजायच्या तयारीला लागते आणि आपल्यातलं थोडं ग्लुकोज, फ्रुक्टोज वापरून टाकते. म्हणून वॉश्डच्या कच्च्या बीत या दोन साखरा नॅचरलपेक्षा कमी सापडतात. पण भाजताना साखरेचा बहुतेक भाग मोडून दुसरंच काही बनतं. पेल्यातली 'गोडी' मुख्यतः वासातून येते. आंबवणीत तयार झालेल्या फळांच्या वासाच्या पदार्थांना नाक फळ म्हणतं आणि जीभ गोड म्हणते. पटत नसेल तर नाक दाबून एक घोट घ्या, गोडी गायब होते.

*हनी.* मधाचा संबंध नाही. साल काढायची, पण बुळबुळीत थर पूर्ण किंवा थोडा ठेवून वाळवायचं. ब्राझीलमध्ये असंच 'पल्प्ड नॅचरल' नावानं करतात, हनी हे नाव कोस्टा रिकातून पसरलं. थर किती ठेवला आणि किती सावकाश वाळवलं त्यावरून यलो, रेड, ब्लॅक. मात्र हे रंग सगळीकडे एका मापाचे नसतात. एका मळ्याचं रेड दुसऱ्याच्या यलोसारखं लागू शकतं. चव वॉश्ड आणि नॅचरलच्या मधली: आंबटपणा मऊ, काकवी-गुळाकडे झुकणारी.

*अ‍ॅनेरोबिक.* फळं किंवा सोललेल्या बिया हवाबंद टाकीत. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाईल, हवा आत येणार नाही अशी झडप असते. ऑक्सिजन नसल्यामुळे तिथे वेगळेच जिवाणू जोर धरतात आणि वास फार तीव्र होतात: दालचिनी, च्युइंगगम, दही, अननस. टाकीत बाहेरून कार्बन डायऑक्साइड भरण्याची 'कार्बोनिक मॅसरेशन' पद्धत वाइनवाल्यांकडून आली. २०१५ साली ऑस्ट्रेलियाचे साशा सेस्टिक अशाच कॉफीवर जागतिक बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांची) स्पर्धा जिंकले आणि त्यानंतर हे वारं सगळीकडे सुटलं.

माझं मत विचाराल तर सुरुवात यापासून करू नका. या कॉफ्यांत प्रक्रियेचा आवाज इतका मोठा असतो की मळा कोणता, जात कोणती, काहीच ऐकू येत नाही. पहिल्या घोटाला 'वा', तिसऱ्या पेल्याला कंटाळा. हल्ली टाकीत फळं, मसालेही घालतात. त्याला 'को-फर्मेंट' किंवा 'इन्फ्युज्ड' म्हणतात. प्यायला हरकत नाही, पण पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं.

*मान्सून्ड मलबार.* ही खास आपल्या देशातली. शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपला जायला कित्येक महिने लागायचे. समुद्राच्या दमट हवेत बिया फुगून फिकट पडायच्या, आणि तिथल्या लोकांना तीच चव कॉफीची वाटू लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव हरवली. मग पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरकडे, ती मुद्दाम घडवायला सुरुवात झाली. जून ते सप्टेंबर बाजूंनी उघड्या गोदामांत नॅचरल बिया पसरायच्या, पावसाळी वारा खाऊ द्यायचा, वरखाली करायच्या, सैल पोत्यांत भरून पुन्हा पुन्हा पालटायच्या. बी फुगते, पिवळट पांढरी होते, आंबटपणा जवळजवळ निघून जातो. उरतं ते जड, मातकट, मसालेदार. आंबट कॉफी सहन न होणाऱ्यांसाठी आणि दुधासाठी ही उत्तम.

सुमात्रात टरफल ओलं असतानाच काढतात, त्यालाही असाच मातकट बाज असतो. इथे क्वचित मिळते, म्हणून पुढे जाऊ.

३. तीन पाकिटं निवडा

भारतातले बरेच रोस्टर आता एकाच मळ्याची वॉश्ड, नॅचरल आणि हनी विकतात. काही जण लहान पाकिटांचा संचही देतात. तो मिळाला तर उत्तम, नाहीतर दोघा-तिघांनी मिळून मागवा. घेताना हे तपासा:

- मळ्याचं नाव तिन्हींवर तेच हवं. नुसतं 'चिक्कमगळूर' किंवा 'कूर्ग' पुरेसं नाही, तो अख्खा जिल्हा झाला.
- जात तीच हवी. एस ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी ही आपल्याकडची नेहमीची नावं.
- भाजणी हलकी किंवा मध्यम. गडद भाजणीत प्रक्रियेचा फरक पुसला जातो, तिन्ही पाकिटं सारखीच कडू लागतात.
- भाजल्याची तारीख छापलेली हवी, तिन्हींत फार तर आठवड्याचा फरक. तारीखच नसेल तर ते पाकीट ठेवून द्या.
- अख्ख्या बिया घ्या. दळलेली पूड कुरिअरनं येईपर्यंत निम्मा वास वाटेत सांडून येते.

पाकिटावरचे सापळेही ओळखून ठेवा. भारतीय व्यापाराची जुनी भाषा अजून चालू आहे. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य प्रजाती. 'प्लँटेशन ए' किंवा 'प्लँटेशन डबल ए' म्हणजे वॉश्ड अरेबिका, आणि ए-बी-सी ही अक्षरं बीच्या आकाराची, चवीची नाहीत. 'अरेबिका चेरी' म्हणजे नॅचरल अरेबिका, चेरीच्या स्वादाची नव्हे. 'रोबस्टा पार्चमेंट' म्हणजे वॉश्ड रोबस्टा. 'नॅचरल' म्हणजे सेंद्रिय असा अर्थ कुठेही नाही. २०१९ मध्ये कूर्ग, चिक्कमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकूच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. तो शिक्का ठिकाणाबद्दल सांगतो, प्रक्रिया कोणती ते वेगळं वाचावंच लागतं.

आणि चिकोरी, म्हणजे एका झाडाची भाजून दळलेली मुळं! आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या पुड्यांत ती बहुतेकदा असते, नियमानं ४९ टक्क्यांपर्यंत चालते. मला ती कॉफी आवडते. पण या कामासाठी पाकिटावर शंभर टक्के कॉफी लिहिलेलं बघा.

४. सामान

- ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. इतवारीत सोन्या-चांदीच्या बाजूला किंवा ऑनलाइन सहज मिळतो.
- हाताचं बर ग्राइंडर, म्हणजे पात्याऐवजी दोन दातेरी चकत्यांत बी सारखी दळणारं. मिक्सरमध्ये काही पीठ, काही खडे होतात, तुलना बिघडते. ग्राइंडर नसेल तर जवळच्या कॉफीवाल्याकडून आदल्या संध्याकाळी दळून आणा.
- सारख्या आकाराचे सहा पेले किंवा काचेचे ग्लास, २०० मिलीपेक्षा थोडं जास्त मावेल असे.
- गोल, खोलगट चमचे. सूप प्यायचे चालतात.
- पाणी गरम करायला केटल किंवा साधा गंज.
- पेल्यांच्या बुडाला चिकटवायला कागदी पट्टी, पेन, वही.
- पाणी.

या शेवटच्यावर जरा थांबू, कारण नागपुरात निम्म्या तुलना इथेच फसतात. बोअरचं पाणी जड असतं आणि त्यातले बायकार्बोनेट कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात. म्हणजे वॉश्डची जी मुख्य ओळख तीच जाते. माणूस तिन्ही पेले पितो, तिन्ही सपाट लागतात, आणि 'हे सगळं थोतांड आहे' असं म्हणून उठतो. याउलट आरओचं पाणी फारच रिकामं असेल तर चव पातळ आणि टोचरी येते. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर ८० ते १५० च्या मधलं पाणी बघा. मीटर नसेल तर नळाचं गाळलेलं पाणी आणि आरओचं पाणी अर्धं-अर्धं करा. तिन्ही पेल्यांना पाणी मात्र एकाच भांड्यातलं.

५. वेळ आणि जागा

अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी. वाळवून, टरफल काढून, काही काळ मुरवून नवा माल भाजणीवाल्यांकडे येईपर्यंत उन्हाळा लागतो. म्हणजे नवी कॉफी बाजारात येते आणि आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. कुरिअरच्या गाडीत दिवसभर भाजलेलं पाकीट पुन्हा भाजल्यासारखंच. मे महिन्यात मागवायचं असेल तर शुक्रवारी निघून रविवारभर गोदामात पडेल असं मागवू नका. आठवड्याच्या सुरुवातीला मागवा. आल्यावर ते गॅसजवळच्या फडताळात न ठेवता घरातल्या थंड कपाटात ठेवा.

भाजल्यावर आठवडाभर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, तोवर चव गढूळ लागते. भाजल्यापासून एक ते पाच आठवडे हा चांगला काळ.

बसायचं पहाटे, सहाच्या सुमाराला. कारणं नागपुरी आहेत. दिवसा कूलर लागतो आणि वाळ्याच्या ताट्यांचा वास सगळ्या खोलीत भरतो. सुंदर असतो, पण त्यापुढे कोणत्याही कॉफीचा वास टिकत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर हा कार्यक्रम करूच नका. आदल्या रात्री सावजी झालं असेल तर सकाळी जीभ अजून झणझणत असते, आणि तर्री पोहे खाऊन बसलात तर तिन्ही पेल्यांत तर्रीच लागेल. खर्रा खाणाऱ्यांनी किमान दोन तास आधी बंद ठेवावा. अगरबत्ती, अत्तर, फोडणी, सगळं नंतर.

६. आदल्या दिवशी जीभ तयार करा

हे टाळू नका. कॉफीत आंबटपणा असतो म्हणजे एकच चव नसते, आणि प्रक्रिया ओळखायची किल्ली बहुतेकदा तिथेच असते. घरातल्या वस्तूंवर सराव होतो:

- संत्रा, लिंबू: सायट्रिक आम्ल. जिभेला लगेच कळतं, लगेच जातं.
- सफरचंद: मॅलिक. कुरकुरीत, जरा उशिरा जाणवतं.
- चिंच, द्राक्षं: टार्टारिक. तोंड आवळतं.
- ताक, दही: लॅक्टिक. गोलसर, मऊ.
- व्हिनेगर: अ‍ॅसिटिक. नाकात चढतं.

प्रत्येकाचा थोडासा अंश कपभर कोमट पाण्यात घालून घोट घ्या. सायट्रिक आणि मॅलिक झाडाकडूनच बीत आलेले असतात, म्हणून वॉश्डमध्ये ते स्पष्ट दिसतात. लॅक्टिक आणि अ‍ॅसिटिक आंबवताना वाढतात. ताकाची आठवण झाली तर अ‍ॅनेरोबिककडे बोट दाखवा. व्हिनेगरची झाली तर काहीतरी हाताबाहेर गेलं होतं.

७. प्रत्यक्ष चव घेणं

१. प्रत्येक कॉफीचे दोन पेले, म्हणजे एकूण सहा. बुडाला नावाची पट्टी. पेल्यात ११ ग्रॅम बिया जाडसर, साखरेच्या दाण्याइतक्या दळून. एक कॉफी संपली की दुसरीच्या चार-पाच बिया दळून फेकून द्या, आधीची पूड निघून जाते.

२. कोरड्या पुडीचा वास घ्या आणि लगेच वहीत लिहा. जे डोक्यात येईल ते. 'आजीच्या कपाटातल्या मनुका' चालेल, 'फ्लोरल' लिहायची गरज नाही.

३. पाणी उकळून दोन मिनिटं थांबा. नंतर प्रत्येक पेल्यात २०० मिली, सगळी पूड भिजेल असं. वर जाड साय धरते.

४. चार मिनिटांनी चमच्यानं ती साय मागे सारा, नाक पेल्याजवळ नेऊन. सगळ्यात जोरदार वास याच क्षणी येतो. वरचा फेस आणि तरंगणारी पूड काढून टाका.

५. दहा-बारा मिनिटं झाली की चमचाभर कॉफी जोरात सुर्रकन ओढा. आवाज झालाच पाहिजे. तोंडभर तुषार उडाल्याशिवाय वास नाकाच्या मागे पोहोचत नाही. घरचे हसतील, हसू द्या. दोन पेल्यांच्या मधे चमचा पाण्यात धुवा.

६. खरी परीक्षा कोमट झाल्यावर. गरम असताना सगळ्या कॉफ्या एकमेकींसारख्या वागतात. वॉश्ड थंड होईल तशी उजळते, संत्र्याच्या फोडीकडे जाते. नॅचरल थंड होताना फळाकडून मद्याकडे सरकते, आणि ती वाईट असेल तर इथेच उघडी पडते.

७. आता घरातल्या कोणालातरी पेल्यांची जागा बदलायला सांगा, तुम्ही पाठ करा. मग तीन पेले समोर घ्या, त्यांत दोन एकाच कॉफीचे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगा आणि बुडाची पट्टी बघा. पट्टी न बघता जे ओळखता आलं तेवढंच तुम्हाला येतं. हे सोडून बाकी सगळं पाकिटावरची यादी आठवणं आहे.

वहीत प्रत्येक कॉफीसाठी चार ओळी पुरतात: वास, आंबटपणा कोणासारखा, तोंडात पातळ की जड, गिळल्यावर काय उरलं. गुण द्यायच्या भानगडीत पडू नका. शंभरपैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण मिळालेली ती 'स्पेशालिटी', हा हिशोब शिकलेल्या परीक्षकांसाठी आहे.

८. दोष की प्रक्रिया?

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि दोन्ही बाजूंनी होतो. काही जण चांगल्या वॉश्डचा आंबटपणा चाखून 'नासली' म्हणतात. काही जण खरोखर नासलेली नॅचरल पिऊन 'फंकी आहे' म्हणून मान डोलावतात.

कुजलेल्या कांद्याचा, व्हिनेगरचा, ओल्या पोत्याचा किंवा बुरशीचा वास म्हणजे दोष. ही कॉफी कितीही महाग असली तरी. मोहाचा, मनुकांचा, पिकलेल्या फणसाचा वास म्हणजे प्रक्रिया. तो आवडला नाही तर ती तुमची पसंती, कॉफीचा दोष नाही. एकाच कॉफीच्या दोन पेल्यांत एक बरा आणि एक घाण लागला, तर एखादी कुजकी बी दळली गेली असं समजा. दोन-दोन पेले करायचे ते यासाठीच.

कडवट, जळका स्वाद प्रक्रियेचा नसतो, तो भाजणीचा. शेंगदाण्याच्या टरफलासारखा कोरडा, तुरट स्वाद बहुतेकदा कच्च्या तोडलेल्या फळांचा. शिळ्या शेवेसारखा खवट वास आला तर पाकीट जुनं आहे, मळेवाल्याला बोल लावू नका.

९. रोजच्या पेल्यात काय बदलायचं

हलकी भाजलेली वॉश्ड असेल तर पाणी उकळतं घ्या. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे ते ९९ अंशांवर उकळतं, हलक्या भाजणीला ते जास्त होत नाही. कागदाच्या फिल्टरमधून गाळली तर तिचा स्वच्छपणा दिसतो. नॅचरलला थोडं जाड दळा, पाणी ९२-९३ अंशांवर उतरवा. अ‍ॅनेरोबिकला ९० च्या आसपास, नाहीतर दालचिनीचा काढा होतो. हनी समजूतदार असते, कशातही चालते.

दुधात पिणाऱ्यांनी लाजायचं कारण नाही. पण हलक्या वॉश्डमध्ये दूध घातलं की आंबटपणा आणि दूध एकमेकांशी भांडतात. दुधासाठी मध्यम भाजणीची नॅचरल, रोबस्टा पार्चमेंट किंवा मान्सून्ड मलबार घ्या आणि दक्षिणी फिल्टरमध्ये गाळा. तिन्ही पाकिटं संपल्यावर यातली एक महिनाभरासाठी धरून ठेवा. रोज बदलत राहिलात तर हात बसत नाही.

१०. झाड बघायचं असेल तर

त्यासाठी लगेच कर्नाटक गाठायची गरज नाही. चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, मेळघाटातल्या साधारण अकराशे मीटर उंचीवर. हिवाळ्यात गेलात आणि फळ पिकलेलं असलं, तर जागेच्या मालकाला विचारून एक तोडून चाखा. गर किती कमी असतो आणि बोटांतून बी कशी निसटते, हे एकदा अनुभवलं की हनी आणि वॉश्डमधला फरक पुन्हा कोणाला विचारावा लागत नाही.

प्रक्रिया प्रत्यक्ष बघायची तर मात्र चिक्कमगळूर किंवा कूर्ग, डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा तोडणी आणि वाळवण दोन्ही चालू असतात. नाताळचा आठवडा टाळा, राहायच्या जागा तिप्पट महाग होतात. मळेवाल्यांना आधी फोन करून विचारा: पल्पिंग, म्हणजे फळांची साल काढणं, कोणत्या वेळी चालतं? बहुतेक ठिकाणी दुपारनंतर, दिवसभराची तोडणी तोलून झाल्यावर. सकाळीच जाऊन परत आलात तर नुसतं अंगण दिसेल. तिथून कच्च्या बिया घेऊन घरी कढईत भाजायचा विचार असेल, तर पहिल्यांदा वॉश्डच घ्या. नॅचरलच्या बियांवर जास्त पापुद्रा असतो, तो भाजताना घरभर उडतो आणि कढईत जळून धूर करतो.